दोन बंदुका, एक साचा

पासली, ता. वेल्हे
१८ सप्टेंबर २०२२

चि. इंद्रजित यास ताईचा आशीर्वाद.

हितं आमी खुशाल हाय. फोनला रेंज घ्यायची तर टेकावरच्या देवळापर्यंत चढावं लागतं, आन चढून लावावा तर तू कामावर. म्हणून लिहिते.

भात पोटरीत आलंय. औंदा डुकरांनी लईच धुमाकूळ घातलाय. ओढ्याच्या अंगानं येत्यात, खात्यात थोडं आन लोळत्यात जास्ती. शेजारच्या गेनूभावजींचं खालचं खाचर तर पार चटईवानी करून टाकलं. तुझे दाजी आन गेनूभावजी आळीपाळीनं राखण करत्यात. दोघांकडं ठासणीच्या बंदुका हायेत, पीक राखायचा परवाना हाय, पण गोळीचं रडगाणं. आमचा साचा सासऱ्यांच्या येळचा, लोखंडी, एका घराचा, एका येळेला एकच गोळी निघती. गंजून त्याची दोन पाती नीट मिटत न्हाईत. शिसं ओतलं की फटीतनं गळतं आन गोळी आत पोकळ राहती. परवा गोळी बाहेर पडली ती भलतीकडंच गेली. हे दोन दिस बोलले न्हाईत कुणाशी.

तू कंपनीत साचेच करतोस ना. एखादा चांगला करून दे. पण म्या मागितला असं यांना सांगू नको. मेव्हण्याम्होरं हात पसरला असं वाटंल त्यांना. तू आपण होऊन धाडला असं कर.

अश्विनीला जप. तिला डोहाळे काय लागलेत ते लिही.

तुझी,
रत्नाताई


भोसरी, पुणे
२७ सप्टेंबर २०२२

ती. ताईस सा. नमस्कार.

साचा झाला. उद्या स्वारगेटला वेल्ह्याच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे देतो. दाजींना सांग, इंद्रजितने दसऱ्याची भेट पाठवली.

ताई, गंमत वाटेल तुला, पण खूप दिवसांनी काम करताना मजा आली. इथे आम्ही रोज प्लास्टिकच्या झाकणांच्या डाय बनवतो, ती झाकणं कुठल्या बाटलीला लागतात तेही कळत नाही. हा साचा मी शिफ्ट सुटल्यावर केला. अल्युमिनियमचा एक ठोकळा स्क्रॅपमध्ये पडला होता. त्यात चार घरं पाडली. चारही घरं अगदी एकसारखी, केसाचाही फरक नाही. दोन्ही पाती मिटली की मधून उजेड दिसत नाही. मूठ लाकडी आहे, हात भाजणार नाही. अल्युमिनियम हलकं असतं, लवकर तापतं आणि लवकर निवतं, म्हणून लोखंडासारखा खोळंबा नाही. एका ओतात चार गोळ्या, भरीव आणि जड. दाजींच्या बंदुकीपेक्षा किंचित बारीक ठेवल्या आहेत. चिंधी गुंडाळून ठासल्या की गेनूभावजींच्या बंदुकीलाही चालतील.

एक मात्र दाजींना बजावून सांग. साच्यात किंवा कढईत पाण्याचा थेंब जाता कामा नये, शिसं अंगावर उडतं. आणि घरात वितळवू नका, धूर वाईट. पडवीच्या बाहेर चूल मांडा.

अश्विनीला चिंच आणि भाजलेली माती. माती देत नाही.

तुझा,
इंद्रजित


पासली
६ ऑक्टोबर २०२२

चि. इंद्रजितास आशीर्वाद.

दसऱ्याला सोनं लुटायच्या आधी दाजींनी तुझा साचा बंदुकीशेजारी ठेवून त्याला हळदीकुंकू वाहिलं. आता समज काय ते.

काल अंगणाबाहेर तीन दगडांची चूल केली. विंझरच्या भंगारवाल्याकडनं गाडीच्या चाकाला लावत्यात ती शिशाची वजनं आणलेली, ती कढईत घातली. वरची मळी काढली की खाली आरशावानी शिसं. गेनूभावजी साचा धरून, हे पळीनं ओतायला. साचा उघडला आन चार गोळ्या पाटावर पडल्या, चारी जुळ्या भावांसारख्या. गेनूभावजींची बायको मंगल माझ्यापाशी बसली होती. म्हणाली, "वयनी, ह्या गळ्यात घालायच्या मण्यांवानी दिसत्यात." आमी लई हसलो. दोघांनी गोळ्या निम्म्या निम्म्या वाटून घेतल्या. गेनूभावजींनी त्यांचा जुना साचा नातवाला खेळायला देऊन टाकला.

एक बोलणं झालं ते सांगते. गेनूभावजी हसत यांना म्हणाले, "दादू, आता भांडायचं कसं रं?" पूर्वी शिकार पडली की गोळी काढून बघायचे. आमच्या घरची गोळी टोकदार, त्यांच्या घरची गुबगुबीत आन कडेला शिवण आलेली. ज्याची गोळी त्याचा मोठा वाटा. सासरे आन गेनूभावजींचे वडील त्यावरनं महिना महिना अबोला धरायचे. आता मटणाचं कोण बोलत न्हाई, कायदा हाय, पण गंमत म्हणून म्हणाले. हे म्हणाले, "आता दोघांची गोळी एकच. भांडणच मिटलं."

तुझं नाव निघालं की यांची मान ताठ होती. तुला कळावं म्हणून लिहिलं.

रत्नाताई


भोसरी
१२ ऑक्टोबर २०२२

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र अश्विनीला दोनदा वाचून दाखवलं. कंपनीत इतकी वर्षं झाली, पण मी केलेल्या वस्तूला कोणी हळदीकुंकू वाहिलं नव्हतं.

साच्याचा फोटो मी मोबाईलवर काढून ठेवला होता. आमच्या सुपरवायझरने पाहिला आणि म्हणाला, हे फिनिशिंग तुझं असेल तर तू झाकणं करत काय बसलास. चाकणच्या नव्या युनिटला टूलरूममध्ये माणूस हवा आहे, माझं नाव सुचवतो म्हणालाय. कसला साचा ते मी सांगितलं नाही, मासेमारीच्या जाळ्याला लावायची शिशाची वजनं म्हणालो.

दिवाळीला दोघं येतो. मंगलवयनींना सांग, त्यांच्यासाठी खरे मणी आणतो.

इंद्रजित


पासली
२ नोव्हेंबर २०२२

इंद्रजित,

दिवाळीला तुमी आला न्हाईत, फोनवर डॉक्टरांनी प्रवास नको म्हणलंय असं बोललास. बरं झालं. हितं दिवाळी झाली न्हाई.

मंगल गेली. गोळी लागून गेली.

फोनवर तुला निम्मंच सांगितलं, टेकावर माणसं होती. आता सगळं लिहिते. दिवाळीआधीची गोष्ट. सकाळी धुकं होतं. डुकरांचा कळप ओढ्यातनं गेनूभावजींच्या खाचरात आला म्हणून दोघंजण बंदुका घेऊन बांधावर गेले. खाली कारवीची झुडपं हायेत दाट. कारवी हलली. दोघांनी चाप ओढला. एकामागं एक, पण इतकं लागोपाठ की मला घरात एकच बार वाटला. मग गेनूभावजींची हाक आली. तसली हाक म्या कधी ऐकली न्हाई.

मंगल विळा घेऊन गवताला गेली होती. पहाटे नवरा राखणीला गेला, म्हैस हंबरत होती, तर वाईच गवत आणावं म्हणून खालच्या अंगानं गेली. कुणाला सांगून जाणार.

दवाखान्यात गोळी काढली. एकच. दुसरी डोंगरात गेली, सापडली न्हाई. पोलीस साहेबांनी ती एक गोळी आन दोघांच्या पिशवीतल्या गोळ्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. इचारलं, "ही कुणाची?" दोघांनी वाकून बघितलं. सगळ्या सारख्या. साहेब म्हणाले, नळीच्या आत आटे असते तर गोळीवर खुणा उठल्या असत्या, ह्या जुन्या नळ्या गुळगुळीत हायेत, कायबी कळायचं न्हाई.

गेनूभावजी म्हणाले, "माझी असंल." हे म्हणाले, "न्हाई, माझी." दोघांनाबी नेलं. आमच्या घरातनं साचा, कढई, उरलेलं शिसं सगळं नेलं.

तू ये.

रत्ना


भोसरी
९ नोव्हेंबर २०२२

ती. ताईस,

पत्र मिळालं. मंगलवयनींचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी एका वकिलांशी बोललो, दुसऱ्याची गोष्ट म्हणून. ते म्हणाले, गोळ्यांचा साचा बनवून देणारा सुद्धा अडकू शकतो. त्यात ठोकळा कंपनीचा, मशीन कंपनीचं. कळलं तर नोकरी तर जाईलच. चाकणची ऑर्डर गेल्याच आठवड्यात हातात पडली आहे. अश्विनीला सातवा लागेल. मी आत्ता तिकडे आलो तर कोणालाही संशय येईल.

साचा नक्की कुठे ठेवला आहे? त्याच्या बुडाला ठोकळ्याचा नंबर होता, मी घासला होता असं आठवतं, पण खात्री नाही. कोणी त्याबद्दल काही विचारलं का?

माझी जुनी पत्रं जाळून टाक. दाजींना धीर दे.

इं.


पासली
११ डिसेंबर २०२२

इंद्रजित,

पत्रं जाळली. चुलीत घालताना दसऱ्याचं पत्र तेवढं वाचावंसं वाटलं, वाचलं न्हाई.

गेनूभावजी जामिनावर सुटले. यांना सोडत न्हाईत, कारण साचा आमच्या घरात सापडला. साचा कुणी दिला ते सांग म्हणत्यात. हे म्हणतात, म्याच केला. म्या भेटायला गेले तवा माझ्यादेखत साहेबांनी साचा यांच्यापुढं ठेवला.

"तू केलास?"

"व्हय."

"कशानं?"

"कानशीनं. घरी बसून."

साहेब वाईट माणूस न्हाई. त्यांनी पात्यावरनं बोट फिरवलं. म्हणाले, "दादू, हे मशीनचं काम आहे. कानशीनं असं जन्मात होत नाही. गोळ्या करून विकणारी टोळी असते, त्यातला कोण आहे ते सांग. तू शेतकरी माणूस, तुला कशाला अडकायचं?"

हे म्हणाले, "माझ्या हाताला येतं."

साहेबांनी कपाळाला हात लावला.

गजाआडनं मला म्हणाले, "इंद्रजितचं नाव घेतलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील. पोरगं नुकतं वर चढतंय." खोकला झालाय त्यांना. अंगातला सदरा ढगळ झालाय.

भोरचे वकील म्हणतात, साचा करणारानं आपण होऊन यावं आन सांगावं, की घरच्या माणसानं पीक राखायला मागितला, नात्यातला म्हणून करून दिला, धंदा न्हाई. तर टोळीचा संशय जाईल आन हे सुटतील. मागणारी म्या, करणारा तू. म्या सांगितलं तर कोण ऐकणार, म्या बायको. तू एक दिवस ये. म्या तुझ्याबरुबर उभी राहीन.

भात कापायला माणूस न्हाई म्हणून म्या रडत बसले होते. गेनूभावजी सकाळी आले, विळा घेतला आन आमचं खाचर कापायला लागले. त्यांचं स्वतःचं तसंच उभं हाय.

रत्ना


चाकण
८ जानेवारी २०२३

ती. ताईस,

नवीन जागेत आलो आहे, पत्ता वर दिला नाही, समजून घे. सुट्टी मिळण्यासारखी नाही. मी आलो तर दाजी सुटतील आणि मी आत जाईन, वकील काहीही बोलतात. अश्विनीचे दिवस भरत आले आहेत, तिला यातलं काही माहीत नाही.

साच्यावरचा नंबर कोणी पाहिला का, एवढं फक्त कळव. शक्यतो लिहू नकोस, फोन कर.


पासली
१९ फेब्रुवारी २०२३

इंद्रजित,

पत्ता तुझ्या जुन्या घरमालकाकडनं घेतला. फोन केला की तू "आवाज येत नाही" म्हणतोस, म्हणून लिहिते.

तुझ्या दोन्ही पत्रांत साच्याची चौकशी हाय. दाजींची तब्येत कशी, ते एकदाबी इचारलं न्हाईस. साच्यावर नंबर न्हाई. चांगला घासलास. झोप.

आता तुला बोलवत न्हाई. दुसरं मागते, आन हे शेवटचं.

गेनूभावजी जेवत न्हाईत. सून ताट ठेवती, तसंच उचलती. ते कारवीच्या अंगाला जाऊन बसत्यात. काल मला म्हणाले, "वयनी, मला फाशी दिली तरी चालंल, पण कुणीतरी सांगा गोळी माझी व्हती का दादूची. म्या तिला रोज येगळ्या तोंडानं आठवतो. एक दिस मारणारा म्हणून आठवतो, एक दिस नवरा म्हणून. दोन्ही एकदम व्हत न्हाई."

म्या हे यांना सांगितलं. यांनी गज धरला. म्हणाले, "त्याला सांग, माझीच व्हती." म्या इचारलं, तुमाला ठावं हाय का? म्हणाले, "कुणालाच ठावं न्हाई. पण माझी बायको जित्ती हाय. माझ्यानं हे वझं उचलंल, त्याच्यानं न्हाई."

म्या गेनूभावजींना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "दादू ल्हानपणापासनं असाच. माझ्या वाटणीचा मारबी त्यानंच खाल्लाय. त्याचं ह्यात खरं धरता येत न्हाई. साचा ज्यानं केला त्याला कळंल."

त्यांना वाटतं, करणाराला आपल्या हातची वस्तू ओळखता येती. तू दोन ओळी लिही. काहीतरी तुझ्या धंद्यातलं लिही, त्यांना पटंल असं. की चार घरांत अमक्या घराच्या गोळीला अशी रेघ येती, ती दादूच्या वाटणीत गेली होती. ती गोळी म्या दवाखान्यात पाहिली हाय, तिला एक चरा होता, कशाचा ते देव जाणे. त्याच्यावर बसवून लिही. खोटं लिहायचंय. पाप माझ्या माथी. सही नको, नाव नको, पोलिसांना दाखवायचं न्हाई. गेनूभावजींना वाचता येत न्हाई, म्या वाचून दाखवीन आन तिथंच चुलीत घालीन.

म्या भाऊ मागत न्हाई. दोन ओळी मागते.

रत्ना


५ मार्च २०२३

सौ. ताईस,

पत्र मिळाले. तसे काही लिहून देता येणार नाही. लेखी काहीही नको, कृपया समजून घे. इकडे सर्व ठीक. मुलगी झाली. बाळ-बाळंतीण खुशाल. तब्येतीची काळजी घेणे. कळावे.


पासली
२३ एप्रिल २०२३

इंद्रजित,

मुलगी झाली, बरं वाटलं. तिचं चांगलं होवो. हे पत्र वाचून फाडून टाक, तुझ्या नेहमीच्या सवयीनं.

तुझे दाजी जामिनावर घरी आलेत. तू न येता आले. केस चालू हाय, तारखेला आमी भोरला जातो. बंदूक गेली, परवाना गेला. खोकला राहिला. तुझं नाव अजून कुणी घेतलेलं न्हाई, आन घेणार न्हाई.

ते यायच्या आधीचं सांगते. तुझं मार्चातलं पत्र आलं तवा गेनूभावजी आमच्याच ओट्यावर बसले होते. पोस्टमननं पाकीट माझ्या हातात दिलं ते त्यांनी बघितलं. म्हणाले, "भावाचं का?" म्या व्हय म्हणाले. म्हणाले, "वाचा."

म्या उघडलं आन मनात वाचलं. मग वाचायला लागले.

म्या वाचलं, की सौ. ताईस नमस्कार. तुझं पत्र वाचून दोन दिवस अन्न गेलं न्हाई. गेनूभावजींना माझा दंडवत सांग. साच्याच्या चार घरांतल्या कडेच्या घराला माझ्या हातनं एक बारीक चूक राहिली होती, त्या घराच्या गोळीला कमरेला चरा येतो. तसल्या गोळ्या दाजींनी आपल्याला ठेवल्या होत्या, शेजाऱ्याला चांगल्या द्याव्यात म्हणून. तवा ती गोळी गेनूभावजींची असूच शकत न्हाई. हे म्या माझ्या लेकराच्या शपथेनं लिहितो. मंगलवयनींसाठी मणी आणीन म्हणालो होतो, ते माझ्याकडं पडून हायेत. सगळा दोष साचा करणाराचा हाय, आन म्या लवकरच येऊन भेटतो.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "एवढ्याशा कागदावर एवढं मावलं?"

म्या म्हणाले, "अक्षर बारीक हाय."

म्हणाले, "पुन्यांदा वाचा."

पुन्यांदा वाचलं. दुसऱ्या येळेला मण्यांचं राहून गेलं. ते म्हणाले, "मण्यांचं न्हाई वाचलं." म्या म्हणाले, डोळ्यात पाणी आलं, ओळ चुकली. मग तेवढं परत वाचलं.

त्यांनी तोंडावर पंचा घेतला. मंगल गेल्यापासनं त्यांना रडताना कुणी बघितलं नव्हतं. सून घाबरून आली, म्या तिला हातानं थांबवलं. त्या दुपारी ते जेवले. आता खाचरात जात्यात, भाताच्या रोपांसाठी राब भाजायला लागलेत. रात्री झोप लागती म्हणत्यात.

पण हे सुटून आले तवा गेनूभावजी भेटायला आले न्हाईत. हे आपण होऊन त्यांच्या दारात गेले. गेनूभावजी उठून आत गेले आन दार ओढून घेतलं. एका ताटात जेवलेली माणसं. आता बांधावर समोरासमोर आले तर गेनूभावजी दुसऱ्या अंगाला बघत्यात. हे घरी येऊन भिंतीला पाठ लावून बसले. म्या म्हणाले, सांगू का त्यांना खरं? म्हणाले, "काय खरं? खरं तुला ठावं हाय का? चालू दे. त्याला झोप लागती ना?"

आता तुला का लिहिते ते ऐक. गेनूभावजी रोज मला इचारत्यात, तुमचा भाऊ कवा येणार. म्हणत्यात, "तो मोठा मानूस हाय, वयनी. आपली नोकरी, आपला जीव टांगून माझ्यासाठी लिहिलं त्यानं. आला की मला सांगा, मला त्याचे पाय धरायचेत." गावात चौघांत तुझं नाव न घेता तुझं कौतुक करत्यात.

उद्या केस मिटंल, तुला भ्या वाटायचं थांबंल, अश्विनी म्हणंल मुलीला तिच्या आत्याला दाखवून आणू. तू येऊ नकोस. त्यांनी ज्याचं पत्र ऐकलंय, तो माझा भाऊ म्या एका दुपारी बसून तयार केला. तू आलास तर त्यांना तुला बघावं लागंल.

रत्ना